दहावं पॅनल

ग्लेंडा तैवानहून परत आली तेव्हा तिनं बॅग उघडली, पण रिकामी केली नाही. लागेल तसा एकेक कपडा काढायची, धुवायची, वाळवायची आणि घडी करून पुन्हा आत ठेवायची. फॅक्टरीवाल्यांनी तिला आणखी तीन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि तिनं अजून त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. मी तिची आई. माझं सगळं लक्ष त्या बॅगेवर.

"वेस्लीशी लग्न करणार ना तू?" मी एकदा विचारलंच.

"करणार की."

"मग ती बॅग?"

"वेस्लीला बॅगेचा त्रास नाही. तुला कशाला होतो?"

वेस्ली म्हणजे माझा होणारा जावई. पोरगा गुणी, कष्टाळू, पण इतका अबोल की त्याच्याशी बोलताना दोन्ही बाजूंचं आपल्यालाच बोलावं लागतं. त्याला कशाचाच त्रास नव्हता. त्रास होता तो मला, आणि तो सगळा शेवंतीमुळे.

ग्लेंडाला शेवंती लावायची होती. आमच्या डोंगरात कोबी आणि बटाटा कोणीही लावतं. शेवंतीला मात्र नखरे फार. रात्र मोठी झाली की तिला वाटतं आता फुलायला हवं, आणि वीतभर दांड्यावरच ती कळी धरून बसते. खाली बाग्यो शहराच्या बाजारात मागतात लांब दांडा. म्हणून रात्री तिच्या डोक्यावर दिवे लावायचे आणि अजून दिवसच आहे असं तिला फसवायचं. आता दिवे लावायचे तर वीज हवी. विजेचे खांब माझ्या घरापाशी येऊन थांबलेले, आणि वेस्लीनं नवीन घर बांधलं होतं ओढ्यापलीकडच्या डोंगराच्या धारेवर.

"दिवे लागले तर मी राहते," ग्लेंडानं मला स्वच्छ सांगितलं. "नाही लागले तर वेस्ली बटाटे लावेल आणि मी तैवानला जाईन. बटाट्यांना माझी गरज नाही."

तैवानच्या पगारातून तिनं इन्व्हर्टर आणि भलीमोठी बॅटरी आधीच आणली होती. उरली होती पॅनलं. मग एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं सरळ चर्चमधला माइक हातात घेतला. "माझ्या लग्नाला कोणीही ब्लँकेट आणू नका. माझ्या आईच्या लग्नातली ब्लँकेटं अजून पेटीत पडून आहेत. ज्याला काही द्यायचंय त्यानं सोलर पॅनल द्या. एकाच दुकानातलं, एकाच जातीचं."

मी लाजेनं बाकाखाली जायची बाकी होते. लग्नात ब्लँकेट द्यायचं नाही म्हणजे काय? पण आमची माणसं भारी. आठवड्याभरात दहा घरांनी दहा पॅनलं आणली, आणि प्रत्येक पॅनल नव्याकोऱ्या ब्लँकेटात गुंडाळलेलं! माझी नणंद म्हणाली, "नुसतं उघडं पॅनल कसं द्यायचं गं? बरं नाही दिसत."

शेवटी आलं माझ्या थोरल्या भावाचं. मनोंग म्हणजे दादा. मनोंग आलिपिओ कुठेही शेवटीच पोचतो, कारण वाटेत जो जो भेटेल त्याला त्याला गाणं ऐकवायचं असतं. डोक्यावर काऊबॉय हॅट, पायात गमबूट आणि तोंडात घोड्यांची गाणी. आमच्या गावात घोडा एकही नाही. त्यानं पॅनल माझ्या स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवलं आणि कॉफी मागितली.

"अंकल, तुमचं पॅनल मी वेगळं लावणार आहे," ग्लेंडा म्हणाली.

"वेगळं? म्हणजे सगळ्यात पुढे?"

"नाही. डुकरांच्या गोठ्यावर."

मी कॉफीचं भांडं चुलीवरच ठेवलं. आता जुंपणार हे मला दिसत होतं.

"माझं पॅनल," मनोंग सावकाश म्हणाला, "डुकरांना?"

"तुमच्या पॅनलचा दोष नाही, अंकल. मोजणीचा आहे. हे बघा, पाठीवर काय लिहिलंय? पंचेचाळीस व्होल्ट. एकामागे एक जोडली की त्यांची बेरीज होते. आणि माझ्या मशीनचं, म्हणजे इन्व्हर्टरचं, तोंड किती व्होल्टपर्यंत? साडेचारशे. त्याच्यावर एकदा जरी गेलं तरी मशीन जळतं, आणि कंपनी हात वर करते."

मनोंगनं बोटांवर हिशेब केला आणि टेबलावर थाप मारली. "दहा पंचेचाळीस साडेचारशे! अगं, नेमकं बसतंय! देवानं जमवून आणलंय आणि तू एक काढतेस?"

"ते पंचेचाळीस उबेत मोजलेले आहेत. थंडीत पॅनलचे व्होल्ट चढतात."

"थंडीत चढतात?" मनोंग माझ्याकडे वळला. "ऐकलंस? थंडीत कोबी आकसतो, बटाटा आकसतो, मी आकसतो. हिची वीज तेवढी फुगते!"

"फुगते! पहाटे दव गोठलं की एकेक पॅनल अठ्ठेचाळीसवर जाईल. नऊ असतील तर मशीन तरून जाईल. दहा असतील तर चारशे ऐंशी."

"मग पाच-पाचच्या दोन ओळी कर," मी मध्ये तोंड घातलं. भाऊ माझा, मुलगीही माझीच.

"मग प्रवाह दुप्पट होतो, आई. तेवढा या मशीनला झेपत नाही. मी सगळं बघितलंय. दहावं गोठ्यावर. वेस्लीच्या ट्रकची जुनी बॅटरी आहे, एक छोटा चार्जर आहे, डुकरांना छान दिवा होईल."

मनोंग आलिपिओ उठला, हॅट घातली, कॉफी न पिता गेला. गाणं न म्हणता गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो माणूस दाताच्या डॉक्टरकडेही गात जातो.

लग्नाच्या आदल्या दिवशी ग्लेंडा आणि वेस्लीनं नवीन घराशेजारी लोखंडी सांगाड्यावर नऊ पॅनलं एका ओळीत जोडली. मशीन आत भिंतीवर, बॅटरी खाली. बटण दाबलं आणि शेजारी शेवंतीसाठी उभारलेल्या काचेच्या घरातले दिवे भरदिवसा लागले. माझी ही तैवानवाली मुलगी चिखलात नाचली. मशीन तसंच चालू ठेवून आम्ही बाहेर आलो, म्हणजे लग्नाच्या संध्याकाळी जोडपं आत पाऊल टाकेल तेव्हा घर उजळलेलं असेल. मग लकाय सगपायनं दाराला कुलूप लावलं.

लकाय म्हणजे आमच्यातलं सगळ्यात जुनं हाड. नवीन घराला कुलूप लावायचं ते त्यानंच, आणि उघडायचं तेही त्यानंच: उंबऱ्यावर प्रार्थना म्हणायची, माझ्या चुलीतला विस्तव आधी आत न्यायचा, मग जोडपं. तोवर आत मांजरसुद्धा जाता कामा नये. त्यानं किल्ली गळ्यात घातली, जीपमध्ये बसला आणि दरीपलीकडच्या त्याच्या गावी गेला. "उद्या डुक्कर शिजायच्या आत येतो," म्हणाला.

आणि नेमकं लग्नाच्या पहाटे दव गोठलं.

असं झालं की आमच्याकडे कोणी अंथरुणात राहत नाही. कोबीवर पांढरा थर बसतो आणि त्यावर ऊन पडलं की पानं भाजल्यासारखी काळी होतात. म्हणून उन्हाच्या आत तो थर पाण्यानं धुऊन काढायचा. लग्न असो नाही तर मयत, आधी कोबी. तेव्हा नवरी मुलगी केसांना लाल रोलर लावून, अंगात बापाचं जुनं जाकीट घालून वाफ्यात उभी, हातात पाण्याचा पाइप. मी दुसऱ्या वाफ्यात. सगळ्या डोंगरभर माणसं पाणी मारतायत, एकमेकांना हाका मारतायत, दात कडकड वाजतायत. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन पोचलं होतं आणि आमच्याकडे सरकत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी कोबीशी बोलत होते.

तेवढ्यात पलीकडच्या धारेवरून मनोंग आलिपिओ आला. लग्नाचा कोट, हॅट, हातात रिकामी बादली. आणि गात आला!

"ग्लेंडा! माझ्याकडून तुला आज दुसरा आहेर," तो लांबूनच ओरडला. "तुझी पॅनलं धुतली मी. पांढरीफटक पडली होती बिचारी, कोबीसारखीच. आता दहाच्या दहा कशी आरशासारखी चमकतायत."

ग्लेंडाच्या हातातला पाइप खाली पडला आणि माझ्या पायावर पाणी मारू लागला.

"किती, अंकल?"

"दहा." त्यानं छाती काढली. "काल सूर्य बुडाल्यावर मी आपलं माझंही लावून टाकलं ओळीच्या शेवटी. टक् करून बसतं. नेमकं साडेचारशे! म्हटलं, पोरीच्या लग्नात मामाचं पॅनल डुकरांपाशी नको."

"अंकल!" ग्लेंडा अशी किंचाळली की तीन वाफ्यांवरचे लोक थांबले. "थंडगार पॅनल, त्यात धुऊन लखलखीत केलेलं, आणि वरून कोवळं ऊन! ह्याहून वाईट जगात काही नाही! मशीन जळेल!"

आणि ती धावत सुटली. कोबी तुडवत, ओढा ओलांडत, चढावर. रोलर एकेक करून गळत होते. तिच्यामागे मी. माझ्यामागे मनोंग, "पण नेमकं बसत होतं गं!" म्हणत. आणि त्याच्यामागे गाव, कारण नवरी लग्नाच्या पहाटे पळतेय म्हटल्यावर आमच्याकडे कोण मागे राहील? अर्ध्या लोकांना वाटलं लग्न मोडलं.

धारेवर पोचलो तेव्हा आमच्या बाजूला अजून सावली होती. नुसत्या उजेडानंही व्होल्ट चढायला लागतात म्हणे, पण खरा मार उन्हाचा. ते आता समोरचा डोंगर संपवून ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आलं होतं.

"आतला खटका पाडला की झालं," ग्लेंडा दारापाशी गेली. भलंमोठं कुलूप. किल्ली लकायच्या गळ्यात, लकाय दरीपलीकडे. तिनं एक दगड उचलला.

मी तिचा हात धरला. "खबरदार! लकायच्या प्रार्थनेआधी दार फोडलंस तर तो या घराचा उंबरा जन्मात शिवणार नाही."

"आणि मशीन जळलं तर मी या घरात राहणार नाही, आई!"

मला तर डोळ्यांसमोर ती बॅगच दिसत होती, घडी केलेल्या कपड्यांची. खरं सांगते, दगड तिच्या हातातून घेऊन मीच मारणार होते. लकायची समजूत मी घातली असती, पाय धरले असते, डुक्कर दिलं असतं.

"मग जोड उपट की गं पॅनलचा!" माझी नणंद म्हणाली.

"उजेडात मशीन ओढत असताना उपटला तर जाळ उठतो. आधी पॅनलांना अंधार हवा."

तेव्हा वेस्ली बोलला. तोही शेजारच्या वाफ्यातून कधीतरी येऊन उभा राहिला होता, गुडघ्यापर्यंत ओला.

"ब्लँकेटं," वेस्ली म्हणाला.

एवढंच. पण सगळ्या माणसांना एकदम समजलं. माझ्या घरी ओसरीवर आहेराच्या ब्लँकेटांचा ढीग होता, आणलेल्यांचा, गुंडाळलेल्यांचा, नको म्हटलेल्यांचा. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागली. ब्लँकेटं हातोहात उडत येऊ लागली: गुलाबी, वाघाचं चित्र असलेलं, मोराचं, आमच्या मागावरचं काळं-लाल. डुकराच्या हंड्यापाशी बसलेले आचारीसुद्धा डाव घेऊन आले आणि डाव हातात धरूनच ब्लँकेटं पुढे देऊ लागले. माझी नणंद तर प्रत्येक ब्लँकेटाबरोबर "हे आमचं! हे आमचं!" करत होती.

"तिकडून! टोकापासून! दुहेरी टाका!" ग्लेंडा ओरडत होती. एक पॅनल झाकलं, तीन झाकली, सात. ऊन ओढ्यात उतरलं, ओढा ओलांडला, चढावर आलं. नऊ झाकली. आणि ब्लँकेटं संपली! म्हणजे संपली नव्हती, खाली कोणीतरी घसरून पडलं होतं आणि रांग तुटली होती. मला आठवतं तसं ते पडणारं माणूस पाद्रीबाबा होते.

दहावं उघडं राहिलं, मनोंग आलिपिओचं. ऊन सांगाड्याच्या पायाला लागलं.

माझा भाऊ, साठीचा माणूस, लग्नाच्या कोटासकट त्या ओल्या पॅनलवर पालथा पडला. हात पसरले, पाय पसरले, आणि जिथे पोट पुरेना तिथे हॅट ठेवली.

"आकसू नकोस, मनोंग!" मी ओरडले. "आता फुग!"

"फुगलोय!" तो काचेत तोंड घालून म्हणाला. "पटकन कर गं पोरी, फार गार आहे!"

ग्लेंडा सांगाड्याखाली शिरली. टक्, टक्. दहावं सुटलं, नऊ पुन्हा जुळली. ती बाहेर आली आणि सरळ खिडकीला नाक लावलं. मी माझ्या नणंदेचा हात एवढा दाबला की ती आठवडाभर दाखवत होती.

"हिरवा दिवा आहे," ग्लेंडा पुटपुटली. मग ओरडली, "हिरवा आहे! आता काढा ब्लँकेटं! हळूहळू!"

ब्लँकेटं निघू लागली आणि ती काचेतून आकडे वाचू लागली. "तीनशे नव्वद... चारशे दहा... चारशे पंचवीस..." कोंबड्यांच्या झुंजीत ओरडतात तसे लोक प्रत्येक आकड्याला ओरडत होते. "चारशे एकतीस!" आणि तिथे आकडा थांबला. मग मशीन कामाला लागलं आणि आकडा खाली आला. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आचाऱ्यानं मला डावासकट मारली.

मनोंग पॅनलवरून उतरला. त्याच्या कोटाची पुढची बाजू पूर्ण ओली होती. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. चारशे एकतीस आणि अठ्ठेचाळीस. त्यानं दोनदा मोजलं. मग हॅट काढून छातीशी धरली.

"फुगते," तो म्हणाला.

"फुगते, अंकल," ग्लेंडा म्हणाली आणि त्याच्या ओल्या कोटाला बिलगली. "मीही चुकले. डुकरांचं नाव काढायला नको होतं."

लकाय सगपाय जीपमधून उतरला तेव्हा नवरीच्या डोक्यावर एकच रोलर होता, पाद्रीबाबा चिखलानं माखलेले, सांगाड्याभोवती ब्लँकेटांचा ढीग आणि सगळं गाव हसून हसून लोळतंय. त्यानं सगळीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "माझ्याशिवायच उरकलंत की काय?"

"कुलूप शिवलं नाही, लकाय!" मी म्हटलं. ह्याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! दगड मी मघाशीच पायानं ओढ्यात लोटला होता.

संध्याकाळी प्रार्थना झाली. लकायनं पूर्वजांना डुक्कर दाखवलं, तांदळाची दारू शिंपडली, आणि शेवटी म्हणाला, "या घरात भिंतीवर जे कोणी आहे त्याच्या तोंडात मावेल तेवढंच पडो." माझ्या चुलीतला विस्तव आत गेला, जोडपं आत गेलं, काचेच्या घरातले दिवे लागले. शेवंतीची इवलीइवली रोपं त्या उजेडात उभी होती, बिचारी फसलेली. मग नाचाच्या पितळी थाळ्या वाजायला लागल्या आणि आम्ही नाचलो. मनोंग नाचला नाही. तो आणि ग्लेंडा घराच्या पुढच्या कोपऱ्यात काहीतरी खटपट करत होते. वेस्लीच्या ट्रकची बॅटरी तिथे कशी आली ते मी विचारलं नाही. मला नाचायचं होतं.

रात्रीचं जेवण वाढायला मी माझ्या घरी भांडी आणायला गेले. स्वयंपाकघरात अंधार होता. मी भांडी उचलली आणि खिडकीतून सहज पलीकडे पाहिलं. नवीन घराच्या दाराशी, बरोबर माझ्या खिडकीच्या समोर, एक दिवा लागला. एकटाच, पिवळा.

"दिसतो का गं?" ओढ्यापलीकडून मनोंगची आरोळी आली. "हा माझा! मामाचं पॅनल! फक्त तुझ्या खिडकीसाठी!"

मागून ग्लेंडाचा आवाज आला. "आई, तो लागलेला असेल तोवर मी इथेच आहे!"

मी भांडी खाली ठेवली. मग मी डाव घेऊन पातेल्यावर बडवायला लागले. तिकडून त्यांनी पितळी थाळ्या बडवल्या. पार पाद्रीबाबा बाहेर येऊन विचारू लागले की काय जळालं.

दव गोठलं की आता मनोंग पहाटेच जाऊन आपल्या पॅनलला ब्लँकेट पांघरतो, वाघाचं. एकट्या पॅनलला त्याची काही गरज नाही, ग्लेंडानं त्याला चार वेळा समजावलं. तो ऐकत नाही. फुगते, म्हणतो.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वेस्ली माझ्या दारात आला. खांद्यावर ग्लेंडाची तैवानची बॅग. त्यानं ती ओसरीवर ठेवली आणि नेहमीसारखा उभा राहिला. शेवटी मीच खाली बसले आणि चेन ओढली.

आत काही नव्हतं. एक घडीसुद्धा नाही.

"बियाण्याचे बटाटे ठेवायला," वेस्ली म्हणाला. "ही उंदीर कुरतडत नाहीत."